साथीची तार : गिटार, युकुलेले आणि शेजारघरचा जॅझ



वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय म्हटला, की सनदा, तह आणि लढाया डोळ्यांपुढे उभ्या राहतात. सावंतवाडीसारख्या संस्थानी गावात तर ते साहजिकच आहे. आज आम्ही ज्या विषयाचा इतिहास सांगणार आहोत, त्याला ना सनद आहे, ना ताम्रपट. चार तारांचे एक एवढेसे वाद्य, सहा तारांचे दुसरे, आणि चारपाच जणांच्या मेळात त्यांच्या साथीने वाजणारा जॅझ, एवढाच हा विषय. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या या संगीताचा मोती तलावाच्या काठाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो बांद्याच्या पलीकडे फार लांब जावे न लागता सापडतो. हे संगीत मुंबईत रुजले आणि तेथून चित्रपटगीतांच्या वाटेने आपल्या कानांत शिरले, ते मुख्यतः आपल्या शेजाऱ्यांच्या, गोमंतकीयांच्या हातांनी. त्यांतल्या बहुतेकांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. कारण ते साथीदार होते, आणि साथीदाराचे नाव लिहून ठेवण्याची सवय आपल्या समाजाला नाही. साथीदाराला वगळून लिहिलेला संगीताचा इतिहास अपुराच नव्हे, तर खोटा ठरतो, एवढेच आज आम्हाला सांगावयाचे आहे.

प्रथम जॅझ म्हणजे काय ते पाहू. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडील न्यू ऑर्लिन्स या बंदरात, गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या पुढच्या पिढ्यांनी हे संगीत घडविले. शेतमजुरांची गाणी, प्रार्थनामंदिरांतील भजने, लष्करी बँडची वाद्ये आणि नाचाच्या चाली असे अनेक प्रवाह त्यात मिसळले. १९१७ साली जॅझच्या नावाने पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, ती मात्र गोऱ्या वादकांची होती. निर्मिती एकाची आणि नाव दुसऱ्याचे, हा प्रकार या संगीताच्या पाचवीलाच पुजलेला आहे, हे पुढच्या कथेसाठी ध्यानात असू द्यावे.

या संगीताचे मर्म समजायला आपल्याला न्यू ऑर्लिन्सला जावे लागत नाही. आपल्या दशावतारात रात्री जे आख्यान रंगते त्याला लिखित संहिता नसते. कथा कोणती, प्रवेश कोणते, कोणी कोणते सोंग घ्यावयाचे, एवढेच आधी ठरते. संवाद मात्र नट रंगभूमीवर उभा राहून त्या क्षणी रचतो. समोरच्याने अनपेक्षित प्रश्न टाकला, तर उत्तर तिथल्या तिथे द्यावे लागते, आणि कथेचा धागाही सोडून चालत नाही. जॅझमध्ये नेमके हेच घडते. एक ठरलेली चाल असते. पुष्कळ चाली बत्तीस विभागांच्या असतात. प्रत्येक विभागात चार मात्रा, म्हणजे एकशे अठ्ठावीस मात्रांचे एक आवर्तन. ब्लूज नावाच्या प्रकारात विभाग बहुधा बारा, म्हणजे मात्रा अठ्ठेचाळीस. आधी सर्वांनी मिळून चाल वाजवावयाची, मग एकेकाने पुढे येऊन त्याच आवर्तनावर आपले वादन आयत्या वेळी रचावयाचे, आणि शेवटी सर्वांनी पुन्हा मूळ चालीवर यावयाचे.

ख्याल ऐकणाऱ्या रसिकाला यात परके असे काही वाटू नये. बंदिश, बढत आणि समेवर येणे हे सारे येथे या ना त्या रूपात आहेच. फरक एवढाच, की आपल्याकडे आवर्तन तबल्याच्या ठेक्याने बांधलेले असते. तेथे ठेक्याच्या जोडीला स्वरसंघांची साखळीही बांधलेली असते. तीनचार स्वर एकदम वाजविले की होणाऱ्या स्वरसंघाला वादक कॉर्ड म्हणतात. या कॉर्ड्स ठरलेल्या जागी, ठरलेल्या क्रमाने येतात आणि पुढे आलेला वादक त्यांच्या आधाराने चालतो. आधार सुटला, की दशावतारी नटाला कथा विसरावी तशी त्याची गत होते.

हा आधार देण्याचे काम लहान मेळात गिटारकडे येते. बडोद्याच्या वा ग्वाल्हेरच्या दरबारी तबलजीने जसा ठेका धरून बसावे, तसा गिटारवाला मात्रेमात्रेला कॉर्ड देत बसतो. काउंट बेसी या प्रख्यात जॅझनायकाच्या मेळात फ्रेडी ग्रीन नावाचा वादक १९३७ साली आला आणि १९८७ साली मृत्यू येईपर्यंत त्याच मेळात राहिला. पन्नास वर्षांत त्याने एकट्याने पुढे येऊन वाजविल्याचे प्रसंग शोधावे लागतात. चारही मात्रांना कॉर्ड द्यावयाची आणि डाव्या हाताची बोटे किंचित उचलून सुराची आस लगेच तोडावयाची, म्हणजे पुढच्या मात्रेला जागा मोकळी राहते, हीच त्याची विद्या. त्याचे वादन वेगळे ऐकू येत नसे. पण त्याच्या मेळाचा जो डौलदार झोल जगभर वाखाणला गेला, त्याच्या मुळाशी ही तार होती, असे जाणकार एकमुखाने सांगतात.

गिटारला केवळ साथीतच बसविले पाहिजे असेही नाही. १९३४ साली पॅरिसमध्ये जँगो राइनहार्ट याने पाच जणांचा मेळ उभा केला. त्यात तीन गिटार, एक व्हायोलिन आणि खर्जाला मोठे उभे व्हायोलिनवजा बास वाद्य होते. ड्रम नाही, तुतारी नाही, सारा मेळ तंतुवाद्यांचा. जँगो हा भटक्या रोमा जमातीचा. १९२८ साली गाडीला लागलेल्या आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे जवळजवळ निकामी झाली होती. उरलेल्या बोटांनी त्याने असे वादन केले, की युरोपातील जॅझचा पहिला मोठा मानकरी म्हणून त्याचे नाव घेतले जाते. त्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना बसून ठेका धरणारे दोन गिटारवाले मात्र फारच थोड्यांच्या स्मरणात आहेत.

आता त्या चार तारांच्या चिमुकल्या वाद्याकडे वळू. युकुलेले हे दिसायला गिटारचे पोर. पेटी लहान असल्यामुळे सुराची आस फार टिकत नाही. पण म्हणूनच ते ठेक्याला चांगले. त्याच्या तारा लावण्याची रीत चमत्कारिक आहे. सर्वांत वरची, म्हणजे वादकाच्या हनुवटीकडील तार, ही खर्जाची असावी असे वाटते. प्रत्यक्षात तिचा सूर शेजारच्या तारेपेक्षा उंच असतो. शेजारच्या तारेला षड्ज मानले, तर चार तारा अनुक्रमे पंचम, षड्ज, गंधार आणि धैवत अशा लागतात. म्हणजे एकाही पडद्यावर बोट न ठेवता नुसती बोटाने छेड दिली, की भूपातल्या पाच स्वरांपैकी चार एकदम वाजतात! सा, ग, प यांना धैवत जोडून होणारी हीच कॉर्ड १९३० च्या सुमाराच्या जॅझची मोठी आवडती होती. लहान मेळात गिटारने खालचे स्वर आणि चारही मात्रा सांभाळाव्यात, युकुलेलेने वरच्या सप्तकात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जोर द्यावा, म्हणजे दोघांची गर्दी होत नाही. अमेरिकेत त्या काळी छापल्या जाणाऱ्या गाण्यांच्या प्रतींवर युकुलेलेच्या बोटांच्या खुणा चौकटी काढून दाखवीत. क्लिफ एडवर्ड्‌ससारख्या गायकांनी १९२० नंतर हे वाद्य घरोघर पोहोचविले, आणि १९५७ साली लाइल रिट्झ याने युकुलेलेवर जॅझची स्वतंत्र तबकडी काढून, हे खेळणे नसून वाद्य आहे, हे सिद्ध केले.

या वाद्याची जन्मकथा आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. युकुलेले हे नाव हवाई बेटांतले; त्याचा अर्थ उड्या मारणारी पिसू असा सांगतात. वाद्याचे मूळ मात्र तेथले नाही. २३ ऑगस्ट १८७९ रोजी रेव्हन्सक्रॅग नावाचे जहाज होनोलुलूच्या बंदरात आले. त्यात पोर्तुगालच्या मदैरा बेटावरून उसाच्या मळ्यांत कराराने मजुरी करावयास निघालेली चारशेहून अधिक माणसे होती. त्यांच्याबरोबर त्यांचे माशेती नावाचे लहान तंतुवाद्यही होते. त्या जहाजातून आलेल्या नुनिस, दियश आणि इश्पिरितु सांतु या तीन कारागिरांनी पुढे होनोलुलूत वाद्ये घडविण्याची दुकाने घातली. मदैराच्या वाद्याला हवाईतले कोआ लाकूड मिळाले आणि युकुलेले जन्मले. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात हवाई वादकांनी ते वाजविले आणि अमेरिकेला त्याचे वेड लागले.

ज्या दर्यावर्दी सत्तेचे एक बेट मदैरा, तिचाच दुसरा किनारा आपल्या वेशीवरचा गोवा. पोर्तुगिजांशी सावंतांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर आणि व्यवहार दोन्ही होते. १७८८ साली पेडणे महाल त्यांच्याकडे गेला, तो आपल्याकडूनच. या सत्तेने गोव्याच्या संगीताचे काय केले याचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडला पाहिजे. १७३६ साली तेथील धर्मन्यायपीठाने फर्मान काढून ख्रिस्ती झालेल्यांच्या लग्नसमारंभांत देशी वाद्ये आणि ओव्या यांना बंदी घातली. ही जुलूमजबरदस्ती होती, आणि तिला दुसरे नाव देण्याचे कारण नाही. तरीही घुमट मेले नाही. मांडो गाताना व्हायोलिनच्या शेजारी ते वाजत राहिले, आणि चतुर्थीच्या आरतीत आजही वाजते. दुसऱ्या बाजूला, चर्चला जोडलेल्या गावोगावच्या शाळांतून मुलांना प्रार्थनेबरोबर स्वरलिपी शिकविली जाई. मेस्त, म्हणजे गुरुजी, आपल्या सरगमसारखी स्वरांची नावे म्हणवून घेत आणि हातात व्हायोलिन देत. परिणामी शेतकऱ्याचा वा रेंदेराचा मुलगाही कागदावर लिहिलेले संगीत पाहता क्षणी वाजवू लागला. ही विद्या त्या काळी हिंदुस्थानात फार थोड्यांपाशी होती. तिच्या बळावर गोमंतकीय माणूस इंग्रजांच्या पलटणीत, संस्थानिकांच्या बँडमध्ये, आगबोटींवर आणि मूकपटांच्या पडद्यापुढे नोकरी करू लागला. पोटासाठी घर सोडण्याची ही कथा कोकणी माणसाला निराळी समजावून सांगावयास नको. आपला मनुष्य गिरणीत गेला, शेजारचा बँडमध्ये गेला.

१९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन नायक आपला मेळ घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. मायदेशी ज्यांना गोऱ्यांच्या हॉटेलात दारातून आत घेत नसत, त्यांना येथे मानाने वाजविता आले. वेदरफोर्ड तर इकडचाच झाला आणि १९४५ साली कलकत्त्यात पटकीने वारला. या मंडळींचे वादन ऐकून, आणि पुढे त्यांच्या मेळांत बसून गोमंतकीय वादक जॅझ शिकले. स्वरलिपी त्यांना येतच होती; कागदावर नसलेले वाजवावयाचे कसे, ते त्यांनी येथे आत्मसात केले. मिकी कुरैय्या यांचा मेळ १९३९ पासून सुमारे वीस वर्षे ताजमध्ये वाजत होता. हळदोण्याचे आंतोनियु शाविएर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, हे ट्रम्पेटवर असे रंगले की लोक त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. त्याच सुमारास हवाई वाद्यांचीही लाट आली. टाऊ मो यांच्या कुटुंबाचा हवाई मेळ जगभर फिरत हिंदुस्थानात आला आणि महायुद्धाच्या काळात कलकत्त्यास राहिला. मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांबीने वाजवावयाची हवाईयन गिटार तेथूनच आपल्याकडे लोकप्रिय झाली. तिच्यावर मींड निघते हे आपल्या वादकांनी तत्काळ ओळखले. पुढे ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर रागसंगीत वाजविले, ते याच ओळखीचे फळ.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. फाळणीमुळे लाहोरच्या हॉटेलांत वाजविणारे सबास्तियांव डिसोझा यांच्यासारखे वादक मुंबईस आले. १९४९ च्या कायद्याने मुंबई राज्यात दारूबंदी आली आणि हॉटेलांतील रात्रीचे नाच मंदावले. १९५५ च्या सुमारास गोव्याची सीमा आवळली गेली. मुंबईतल्या वादकाला आपल्या गावी आईबापांकडे जाणेही कठीण झाले, ते १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त होईपर्यंत. अशा वेळी या मंडळींना आसरा मिळाला तो चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहात.

येथे त्यांच्या हातून जे काम झाले ते नीट समजून घेतले पाहिजे. संगीत दिग्दर्शक पेटीवर चाल सांगे. ती स्वरलिपीत उतरविणे, कोणत्या जागी कोणते वाद्य यावे ते ठरविणे आणि चालीखाली कॉर्ड्स बसविणे हे काम अरेंजर नावाच्या साथीदाराचे. हे काम कारकुनीचे खचित नव्हते. भूपाचेच उदाहरण घ्या. त्यात मध्यम आणि निषाद वर्ज्य. पाश्चात्त्य रीतीच्या नेहमीच्या तीन कॉर्ड्स घेतल्या, तर एकीत म, ध, सा येतात आणि दुसरीत प, नी, रे. म्हणजे गायिका शुद्ध भूप गात असता गिटारवाला तिच्या पायाखाली दोन्ही वर्ज्य स्वर पसरून ठेवणार! हे टाळण्यासाठी कोठे कॉर्डमधला स्वर गाळावयाचा, कोठे दोनच स्वर वाजवावयाचे, कोठे सा, ग, प, ध ही कॉर्ड पुढे ओढावयाची, याचा निर्णय करावा लागे. असा निर्णय करणाऱ्याला दोन्ही संगीतांचा कान लागतो. आपल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, ‘शहनाई’ (१९४७) आणि ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटांत जो नवा उसळता ठेका आणला, त्यात चिक चॉकलेट यांचा वाटा मोठा होता. ‘अलबेला’त तर ते आपल्या मेळासह पडद्यावरही दिसतात. सबास्तियांव डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी वर्षानुवर्षे हेच काम केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालून जाहीर कार्यक्रम केला. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी पुढे १९७७ सालच्या एका गाण्यात गुरूचे नाव गुंफले. ते नाव सबंध देशाने गुणगुणले. पण तो खरोखरीचा माणूस आहे, हे किती जणांना ठाऊक होते? तबकडीवर गायकाचे नाव येई, संगीत दिग्दर्शकाचे येई. गिटारवाल्याचे येत नसे.

यावर दोन आक्षेप आम्ही ऐकतो. पहिला असा, की हे संगीत परके, त्याची आपल्या इतिहासात गणना कशाला? त्यांना आम्ही पेटीची आठवण देऊ. पेटीही युरोपातून आली. १९४० साली आकाशवाणीने ती परकी म्हणून साथीतून हद्दपार केली आणि १९७१ पर्यंत बंदी ठेवली. तरी त्या अवधीत आपले एकही नाटक, कीर्तन वा भजन पेटीवाचून अडले नाही असे झाले काय? दशावताराच्या पेटीला आज कोणी परकी म्हणत नाही. वाद्य कोठून आले, यापेक्षा ते आपल्या हातांत येऊन काय बोलू लागले, हे पाहावयाचे असते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. हे लोक नुसते साथीदार. त्यांनी स्वतःचे असे काय निर्माण केले? याला उत्तर म्हणून आमांसियु डिसिल्वा या गिटारवादकाकडे बोट दाखविता येईल. १९३६ साली मुंबईत गोमंतकीय घरात ते जन्मले, १९६७ साली लंडनला गेले, आणि १९६९ साली त्यांच्या दोन तबकड्या तेथे निघाल्या. त्यांत गिटारवरचा जॅझ आणि हिंदुस्थानी स्वरवळणे यांचा जो संगम आहे, तो तिकडच्या रसिकांनी मौल्यवान मानला. १९९६ साली ते वारले. आपल्याकडे त्यांचे नाव किती घरांत पोहोचले? परंतु खरे म्हणजे हे उत्तर आम्हाला पुरेसे वाटत नाही. कारण त्यात साथ ही कमी प्रतीची, हे गृहीत धरलेच जाते. आधार नसेल तर पुढे येणारा उभाच राहू शकत नाही. दशावतारात पखवाज थांबला, तर राजाची एन्ट्री होईल काय? साथ हीच एक निर्मिती आहे, हे मान्य करण्याचे धैर्य आपण दाखविले पाहिजे.

१९७८ साली मुंबईत जॅझ यात्रा नावाचा मोठा उत्सव सुरू झाला आणि जगभरचे वादक येथे येऊन वाजवून गेले. परंतु ध्वनिमुद्रणगृहांतला जुना वाद्यवृंद हळूहळू ओसरला. पन्नास जणांचे काम एक विजेचे यंत्र करू लागले. त्या वादकांपैकी पुष्कळ जण वृद्धपणी गावी परतले, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या आठवणीही गेल्या. त्यांनी लिहिलेल्या स्वरलिपीच्या कागदांपैकी कितीतरी रद्दीत गेले असतील. हे कागद म्हणजे त्या इतिहासाची दप्तरेच होती.

आपल्या चितारआळीत होणाऱ्या लाकडी फळांवर आणि गंजिफांवर करणाऱ्याचे नाव नसते. ती घेऊन जाणारा गावाचे नाव सांगतो, कारागिराचे नाही. आपल्याकडे ही रीत जुनी आहे आणि तिच्यात नम्रतेचा गुणही आहे. परंतु नम्रता ही कारागिराने पाळावयाची असते. इतिहास लिहिणाराने तिचा आडोसा घेऊ नये. आमची आपणांस एकच विनंती आहे. सावंतवाडीच्या मिलाग्रिस चर्चच्या परिसरात, बांद्याला, वेंगुर्ल्याला, मालवणला, ज्या घरांत कोणी लग्नाच्या बँडमध्ये, चर्चच्या गायनवृंदात, नाटकाच्या पेटीवर वा मुंबईच्या मेळात वाजविले असेल, तेथे जाऊन विचारावे. नाव, गाव, वाद्य, गुरू आणि कोणाला साथ केली, एवढे एका वहीत उतरवावे, आणि वही श्रीराम वाचन मंदिरासारख्या आपल्या ग्रंथालयात ठेवावी. भिंतीवर टांगलेले तारा तुटलेले गिटार वा युकुलेले दिसले, तर ते कोणाचे, हे विचारल्यावाचून घराबाहेर पडू नये. हे काम सांगणारी माणसे अजून आहेत, तोवरच होण्यासारखे आहे.